सीलबंद बॅटरीला पाणी

रविवारी सकाळी सव्वानऊ वाजता नागपूर-सावनेर रोडवर, दहेगाव मागे टाकल्यावर लागणाऱ्या नत्थूच्या चहाटपरीसमोर, रुपराव गावंडे यांची मोटरसायकल सुरू झाली नाही.

बंद पडली नाही. सुरू झाली नाही. हा फरक रुपरावांच्या लेखी फार मोठा होता. चहासाठी गाडी त्यांनी स्वतः थांबवली होती आणि स्वतः किल्ली फिरवून बंद केली होती. चहा पिऊन त्यांनी बटण दाबलं, तेव्हा सीटखालून नुसतं 'टक्' झालं आणि समोरचा हिरवा दिवा मंद होत होत विझला. मग किक. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. ऑक्टोबरचं ऊन पाठीवर घेत रुपराव किक मारत राहिले. गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा, आपण गाडी तपासत आहोत असा चेहरा करून ते खाली वाकले.

"काय झालं जी काकाजी?" नत्थूनं शेगडीमागून विचारलं.

"काही नाही. पाहून राहिलो."

"केव्हापासून पाहूनच राहिले. धक्का मारू का?"

टपरीवरच्या दोघांनी धक्का मारला. गाडी वळणापर्यंत गेली, वळणावरून परत आली, पण इंजिनानं काही दाद दिली नाही. धक्का मारणाऱ्यांपैकी एकानं हात झटकले आणि निकाल दिला, "बॅटरी गेली तुमची."

रुपरावांना हे लागलं. प्लग गेला म्हटलं असतं, कार्ब्युरेटर म्हटलं असतं, पेट्रोल संपलं म्हटलं असतं तरी त्यांनी ऐकून घेतलं असतं. पण बॅटरी! शंकरनगरच्या त्यांच्या अपार्टमेंटमध्ये त्यांना बॅटरीवाले काका म्हणत. या घडीलाही गाडीला अडकवलेल्या पिशवीत डिस्टिल्ड वॉटरचा कॅन होता, कारण सावनेरला त्यांच्या मोठ्या बहिणीकडे, कौसल्याबाईंकडे, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायला ते निघाले होते.

आणि प्रश्न नुसत्या बॅटरीचा नव्हता, किल्लीचा होता.

जानेवारीत रुपरावांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर त्यांची मुलगी प्रीती, जी कॉलेजात शिकवते आणि दोन गल्ल्या सोडून राहते, तिनं बापासमोर एक अट ठेवली होती.

"बाबा, चौदा वर्षांची गाडी आहे, अडुसष्ट वर्षांचे तुम्ही आहे. मी आज काही म्हणत नाही. पण ज्या दिवशी ही गाडी तुम्हाले रस्त्यात सोडेल, त्या दिवशी किल्ली माझ्याजवळ. मग मेट्रो, नाहीतर ऑटो. आणि शहराच्या बाहेर गेले की फोनवर लोकेशन चालू ठेवायचं. कबूल?"

रुपरावांनी जागच्या जागी कबूल केलं. रस्त्यात गाडी सोडते ती ज्यांनी तिच्याकडे पाहिलेलं नसतं त्यांना, अशी त्यांची समजूत होती. सिंधूताई, त्यांच्या पत्नी, पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "किल्ली गेली तं हा माणूस घरात बसून माझ्याच डोक्याची बॅटरी तपासीन." त्यावर सगळे हसले होते. रुपरावही हसले होते, पण रात्री त्यांना नीट झोप लागली नाही. निवृत्तीनंतर त्यांना कुणी कुठे बोलावत नसे आणि कुठून लवकर या असंही कुणी म्हणत नसे. रविवारी सावनेरला जाऊन येणं एवढं एकच काम असं होतं की ज्यात हँडल त्यांच्या हातात असे. ते गेलं की आयुष्यभर मागच्या सीटवर बसायचं. मुलीच्या, जावयाच्या, नाहीतर ओला टॅक्सीवाल्या कुणा परक्या पोराच्या.

त्या दिवसापासून त्यांनी गाडीची काळजी दुप्पट केली. पुढे जे घडलं ते या काळजीमुळेच घडलं.

रुपरावांची सगळी नोकरी वीज कंपनीच्या सबस्टेशनात झाली होती. तिथे एक बॅटरीची खोली असते. काचेच्या मोठ्या भांड्यांसारखे पंचावन्न सेल ओळीनं मांडलेले, आणि दर सोमवारी त्यांची पाणीपातळी पाहायची, घनता मोजायची, कमी असेल तिथे डिस्टिल्ड वॉटर घालायचं, टोकांवरची पांढरी बुरशी सोड्याच्या कोमट पाण्यानं पुसून व्हॅसलिन लावायचं. खोलीत गेलं की ॲसिडचा आंबूस वास यायचा. इतरांना ठसका लागायचा. रुपरावांना त्या वासानं आठवडा सुरू झाल्यासारखं वाटायचं. निवृत्त झाल्यावर पंचावन्न सेलांच्या जागी मोटरसायकलचे सहा आले, पण सोमवार सुटला नाही. त्यांची आधीची बॅटरी सहा वर्षं चालली होती. इतरांची तीन वर्षांत जात असे. तेव्हा माणसाला थोडा अभिमान वाटला तर नवल नाही.

ती बॅटरी फेब्रुवारीत गेली, घराच्या पार्किंगमध्ये, म्हणजे अटीच्या बाहेर. नवी घ्यायला ते धरमपेठेत सौरवच्या दुकानात गेले, आणि प्रीती बरोबर आली. बाप दुकानात काय विचारतो हे तिला ऐकायचं होतं.

रुपरावांनी विचारायचं ते सगळं नीट विचारलं. किती अँपिअरची? माझ्या गाडीला कंपनीनं जेवढी दिली तेवढीच पाहिजे, मोठी नको. कोणत्या महिन्यात बनलेली? दुकानात सहा महिने धूळ खाल्लेली मला नको. उन्हात ठेवली होती का? सौरवनं, जो तिशीचा आणि शांत स्वभावाचा दुकानदार होता, एकेका प्रश्नाला उत्तर दिलं आणि काउंटरवर दोन बॅटऱ्या ठेवल्या. एक पाण्याची, सहा झाकणांची. दुसरी सीलबंद, वरून गुळगुळीत.

"हिच्यात पाणी कुठून टाकायचं?" रुपरावांनी दुसरी उलटीपालटी करून पाहिली.

"टाकायचंच नाही काकाजी. मेंटेनन्स फ्री आहे. बसवा आन् विसरून जा."

"विसरून जा म्हणजे?"

"म्हणजे काहीच करायचं नाही. टोकं घट्ट आहे का पाहायचं, आठवड्यातून दोनदा तरी गाडी चालवायची. बस."

"हीच द्या," प्रीती म्हणाली.

"अगं, पण..."

"बाबा, ज्यात तुम्हाले काही करता येत नाही, तेच सगळ्यात चांगलं. पॅक करा, भाऊ."

अशा रीतीनं निवड झाली. निवड चुकीची नव्हती, हे नोंदवणं भाग आहे.

त्यानंतरचे सोमवार रुपरावांना जड गेले. ते सवयीनं सीट काढत, बॅटरीकडे पाहत, बॅटरी त्यांच्याकडे गुळगुळीत पाहत राही. टोकं पुसली तर स्वच्छच असत. सोड्याचं पाणी गार होऊन मोरीत जाई. सिंधूताई गॅलरीतून म्हणत, "काहून जी, तिचा चेहरा पाहून राहिले का? त्यापेक्षा कुंड्यांमध्ये पाणी टाका ना. मोगरा वाळून राहिला."

मग मे महिना आला. मे महिन्यात नागपुरात माणूस दुसऱ्या कशाचा विचार करू शकत नाही. पारा सेहेचाळीसवर. कुलरची टाकी सकाळी भरावी तर दुपारी रिकामी. पक्ष्यांसाठी गच्चीवर ठेवलेलं पाणी तासाभरात आटत होतं. सिंधूताई दर पंधरा मिनिटांनी माठाकडे जात होत्या. अशा एका सोमवारी रुपराव गाडीपाशी उभे होते आणि त्यांच्या मनात एक साधा, कुणाही नागपूरकराच्या मनात यावा असा विचार आला. अख्खं शहर पाण्यासाठी जीभ काढून बसलं आहे, आणि हिला तहान नाही?

त्यांनी बॅटरीच्या माथ्यावर बोटं फिरवली. प्लास्टिकच्या पट्टीच्या कडेला एक बारीक फट लागली. ब्लेडचं टोक घातलं तर पट्टी उचकटली. खाली काळ्या रबराची झाकणं होती. सहा.

रुपराव त्या झाकणांकडे बराच वेळ पाहत राहिले. एखाद्या माणसाला वर्षानुवर्षं जे वाटत असतं आणि कुणी मानत नसतं, ते अचानक डोळ्यांसमोर यावं तसं त्यांना झालं. पाणी टाकायचं नाही, तर कंपनीनं झाकणं दिली कशाला? आत टॉर्चचा प्रकाश टाकून पाहिलं तर कोरडं. पांढरं, ओलसर, कापसासारखं काहीतरी, पण पाणी नाही. थेंब नाही.

"मेंटेनन्स फ्री म्हणे," ते स्वतःशी म्हणाले, आणि सहाही सेल तुडुंब भरले. पट्टी गोंदानं चिकटवली, वरून काळी टेप लावली. काम नीटनेटकं झालं होतं.

गाडी दुसऱ्या दिवशी सुरू झाली. तिसऱ्या दिवशीही. खरं तर ती तशीही झाली असती, पण रुपरावांच्या मते ती आता एका बोटात सुरू होत होती. पुढे पावसाळ्यात टोकांवर पांढरी बुरशी यायला लागली, तेव्हा तर त्यांना बरंच वाटलं. सोडा परत कोमट होऊ लागला, व्हॅसलिनची डबी परत निघाली. "आता कशी माणसात आली," ते सिंधूताईंना म्हणाले. बॅटरीच्या खालच्या पत्र्याचा रंग सुटत होता. तो गंज समजून त्यांनी घासून काढला.

हे ज्ञान त्यांनी एकट्यापुरतं ठेवलं नाही. अपार्टमेंटमधल्या एक-दोघांच्या गाड्यांची सेवा त्यांनी परस्पर करून टाकली. आणि ऑगस्टमधल्या एका रविवारी प्रीती जेवायला आली होती, वरती वडे तळले जात होते, तेव्हा खाली जाऊन त्यांनी तिच्या नव्या स्कूटरचीही केली. तिला सांगितलं नाही. सांगितल्यावर तिनं नको म्हटलं असतं.

तर आता ते नत्थूच्या बाकावर बसले होते. फोनच्या नकाशावरचा त्यांचा ठिपका रस्त्याच्या कडेला उभा होता आणि शंकरनगरात प्रीतीला तो दिसत होता.

मेसेज आलाच. "बाबा, थांबले का?"

रुपरावांनी उत्तर लिहिलं, "चहा." हे खोटं नव्हतं. मग ते खोटं होऊ नये म्हणून त्यांनी आणखी एक मागवला.

मग त्यांनी सौरवला फोन लावला आणि तोंडावर हात धरून सांगितलं, "एक बॅटरी घेऊन ये ना गा. दहेगावच्या पुढे. आन् हे आपल्या दोघातच राहू दे."

"आज रविवार आहे काकाजी."

"म्हणूनच तं."

सौरव भला माणूस होता. येतो म्हणाला.

ठिपका हलेना तेव्हा दुसरा मेसेज आला. "अजून चहा?" रुपरावांनी तिसरा मागवला. नत्थू म्हणाला, "काकाजी, तुमाले चहा पाहिजे का जागा पाहिजे? नुसतं बसा ना, मी काही उठवून नाही राहिलो." बाकावरचे हसले.

मग व्हिडिओ कॉल आला. तो उचलला नाही तर संशय, उचलला तर खात्री. रुपरावांनी उचलला आणि फोन चेहऱ्याच्या अगदी जवळ धरला.

"बाबा, तुमचं नाक दिसून राहिलं. फोन दूर करा."

"रेंज नाही इथं."

"नाक तं साफ दिसून राहिलं. मागं काय आहे? गाडीची सीट काहून काढली?"

रुपरावांनी फोन परत नाकाजवळ आणला. मागून नत्थू मदतीला धावला. "काही नाही ताई, बॅटरी गेली फक्त. धक्का मारून पाहिला आम्ही."

फोनमध्ये प्रीतीनं एकदा डोळे मिटले. चिडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे बोलली. "मी येऊन राहिली. तिथंच बसा. किल्ली खिशात ठेवा, मी आली की द्या."

"बंद पडली नाही वं ती. मीच बंद केली होती. चहासाठी. आता सुरू होऊन नाही राहिली, एवढंच. तू म्हटलं होतं रस्त्यात सोडलं तर..."

"कुठं आहे तुम्ही आता?"

"टपरीवर."

"अन् टपरी कुठं आहे?"

कॉल संपला. थोड्या वेळानं प्रीतीनं तिचं लोकेशन पाठवलं, बापाला कळावं म्हणून की आपण खरंच निघालो आहोत. निळा ठिपका शंकरनगरातून सुटला, सदर, छावणी, मानकापूर असा सरकत आला. रुपराव त्याच्याकडे, सबस्टेशनातल्या मीटरचा काटा पाहावा तसे पाहत होते. एवढ्या वर्षांत त्यांना कधी काटा खाली यावा असं वाटलं नव्हतं. आज वाटत होतं.

सौरव प्रीतीच्या आधी पोचला. हेल्मेट काढायच्या आधीच त्यानं बॅटरी पाहिली, आणि मग हेल्मेट काढायला त्याला जरा वेळच लागला.

"ही टेप कोणाची?"

"सुटली होती पट्टी," रुपराव म्हणाले.

सौरवनं टेप ओढली. पट्टी गोंदासकट निघाली. त्यानं बॅटरी थोडी कलती केली, तर रबराच्या झाकणांमधून पाणी पाझरून नत्थूच्या टपरीसमोरच्या मातीवर पडलं आणि मातीत बारीक फेस आला.

"पाणी टाकलं काय?"

"थोडंसं."

"काकाजी..." सौरव खाली बसला. तो रागावला नव्हता. डॉक्टर नातेवाइकांना सांगतात तसा सांगू लागला. "हिच्यात मोकळं पाणी नसतेच. काचेचा कापूस असते, त्यानं ॲसिड शोषून धरलेलं असते. आतल्या आत गॅस होते, आतल्या आत त्याचं परत पाणी होते. म्हणून वरून टाका लागत नाही. तुम्ही तुडुंब भरलं तं गॅसले जागाच राहिली नाही. चार्ज झाली की ॲसिड घेऊन बाहेर. हे पाहा, पत्रा खाल्ला सगळा."

"तो गंज आहे."

"गंज नाही. तुमची बॅटरी आहे ती, पत्र्यावर आलेली."

"मग झाकणं कशाले दिली?"

"जास्तीचा गॅस निघून जावा म्हणून. आपल्याले उघडाले नाही."

"तसं लिहायचं ना मग वरती."

"लिहिलं होतं ना. त्या पट्टीवरच."

बाकावर कुणीतरी खोकून हसू दाबलं. रुपरावांनी पट्टी उचलून पाहिली. गोंदाखाली अक्षरं होती. डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं होतं. अक्षरं स्पष्ट वाचता येत होती.

"पण मेमध्ये टाकलं," ते म्हणाले. "पाच महिने चालली ना."

"चालली. पाण्यामुळं नाही, पाणी टाकूनही चालली. चांगली होती बिचारी. वॉरंटीत मात्र आता बसणार नाही."

"ते जाऊ दे. गाडी सुरू कर. प्रीती यायच्या आत सुरू पाहिजे. चालू गाडीची किल्ली कोण मागते?"

सौरवनं आणलेली बॅटरी बसवली, टोकं आवळली. रुपरावांनी बटण दाबलं. इंजिन पहिल्याच दमात सुरू झालं. ते सीटवर बसले. हँडल हातात होतं. एक क्षण त्यांना वाटलं की गाडी घालावी सावनेरच्या दिशेला. प्रीती येईपर्यंत बहिणीच्या ओट्यावर बसून किल्लीची मिटिंग तिथे घ्यावी.

सौरव जुनी बॅटरी पिशवीत उभी ठेवत होता. कलती होऊ नये म्हणून त्यानं बाजूनं वर्तमानपत्र कोंबलं, आणि सहज, काही मनात नसताना विचारलं, "आणखी कोणाच्या गाडीत नाही ना टाकलं?"

रुपरावांनी इंजिन बंद केलं.

त्यांनी खिशातून फोन काढला. निळा ठिपका कोराडी ओलांडून थोडा पुढे आला होता आणि थांबला होता. ते पाहत राहिले. पेट्रोल टाकायला थांबली असेल. पेट्रोल टाकताना गाडी बंद करावीच लागते. बंद केली की मग सुरू करावी लागते. तिच्या स्कूटरला किक नव्हती. घेताना त्यांनीच विचारलं होतं, किक कुठं आहे, आणि ती म्हणाली होती, बाबा, आता कोणी किक मारत नाही.

"हलून नाही राहिला," सौरव खांद्यावरून पाहत म्हणाला. "ट्रॅफिक असेल."

"रविवारी?"

नत्थूनं न विचारता चहा आणून ठेवला. रुपरावांनी तो घेतला नाही. सांगायचं म्हटलं तर ऑगस्टपासूनचं सांगावं लागणार होतं, वडे तळले जात होते तिथपासून, आणि मग किल्लीबद्दल बोलायला काही उरलंच नसतं. न सांगावं तर ती तिथे उन्हात उभी, आणि चालू गाडी इथे. त्यांनी दोन वेळा लिहून पुसलं. शेवटी एवढंच पाठवलं.

"थांबली का?"

मेसेज पोचला. तिनं तो वाचला. वरती 'लिहीत आहे' असं उमटलं, गेलं, परत उमटलं. सौरवही वाकून पाहत होता.

मग उत्तर आलं. "हो. चहा घेऊन राहिली."

प्रीतीनं चहा सोडल्याला दोन वर्षं झाली होती. डॉक्टरनं सांगितलं म्हणून सोडला होता, आणि त्यानंतर दिवाळीलाही तिनं घोटभर घेतला नव्हता.

पावणेबारा वाजता ठिपका कोराडीच्या पुढे त्याच जागी होता. रुपरावांनी त्या मेसेजला उत्तर पाठवलेलं नव्हतं. किल्ली गाडीला होती.